एकच पुस्तक, एकच फळा

परदेशात जायचे तर पारपत्र लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवण्यासाठी एके काळी श्रुतलेखनाची परीक्षा द्यावी लागे, असे सांगितले तर चटकन खरे वाटणार नाही.

१९०१ साली ऑस्ट्रेलियाने परदेशी लोकांच्या प्रवेशासंबंधी एक कायदा केला. त्यानुसार बंदरावरचा अधिकारी आलेल्या माणसाला ५० शब्दांचा उतारा वाचून दाखवी. तो बिनचूक लिहिता आला नाही, तर त्या माणसाला आल्या पावली परत जावे लागे. परीक्षा कोणाची घ्यायची आणि उतारा कोणत्या भाषेत वाचायचा, हे अधिकारीच ठरवी. युरोपातील कोणतीही भाषा चालत असे. समजा, चीनहून किंवा हिंदुस्थानातून आलेल्या एखाद्याला इंग्रजी चांगले येते आहे, असे दिसले, तर त्याच्यापुढे दुसऱ्याच भाषेतील उतारा ठेवता येई. कायद्यात कातडीच्या रंगाचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. तरीही गोऱ्या नसलेल्या लोकांना दूर ठेवायचे, हाच त्याचा हेतू होता आणि ते काम भाषेकडून करून घेतले जात होते. १९०९ नंतर ही परीक्षा कोणीही उत्तीर्ण झाले नाही.

कधीकधी ही युक्ती सरकारच्याच अंगाशी येई. १९३४ साली एगॉन किश नावाचे प्रागचे एक पत्रकार युद्धविरोधी परिषदेत भाषण करण्यासाठी ऑस्ट्रेलियात निघाले. त्यांचे विचार सरकारला नको होते. त्यांना जहाजावरून उतरू दिले नाही, तेव्हा त्यांनी धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. किश यांना युरोपातील अनेक भाषा येत होत्या. मग अधिकाऱ्यांनी शोधून शोधून स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत त्यांची परीक्षा घेतली. ही भाषा स्कॉटलंडमध्येही थोडेच लोक बोलतात. किश अर्थातच नापास झाले. परंतु प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा ही नव्हे, असा निकाल लागला. सरकारचे हसे झाले. तरी परीक्षा मात्र १९५८ पर्यंत कायद्यात राहिली.

कोणत्या भाषेत परीक्षा घ्यावी, कोणत्या भाषेत शिकवावे, कचेरीत अर्ज कोणत्या भाषेत द्यावा, पाटीवर कोणती अक्षरे असावीत, यांविषयी सरकार जे ठरवते, त्याला भाषा-धोरण म्हणतात. ज्याची भाषा राज्याचीही भाषा असते, त्याला हे धोरण सहसा जाणवतच नाही. घरी बोलतो त्याच भाषेत तो शाळेत शिकतो आणि त्याच भाषेत रेशनकार्डाचा अर्ज भरतो. ज्याच्या घरची भाषा वेगळी आहे, त्याला मात्र ते रोज जाणवते; कधी मदत म्हणून, तर कधी अडथळा म्हणून. अशा लोकांत दोन प्रकार असतात. काही जण दुसऱ्या देशातून किंवा प्रांतातून आलेले असतात. त्यांना आपण स्थलांतरित म्हणतो. काही जण पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच असतात, पण त्यांची भाषा संख्येने लहान असते. त्यांना भाषिक अल्पसंख्याक म्हणतात. दोघांच्या अडचणी बऱ्याच अंशी सारख्या असतात.

बंदरावरची परीक्षा अन्यायाची आहे, हे कोणालाही पटकन कळते. पण कधीकधी अन्याय दिसतच नाही, कारण वरवर पाहता सगळ्यांना सारखेच वागवलेले असते. याचे चांगले उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहरात घडले.

या शहरात चिनी लोकांची जुनी वस्ती आहे. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या प्रवेशाचे नियम सैल केले. त्यानंतर चिनी कुटुंबे पूर्वीपेक्षा मोठ्या संख्येने येऊ लागली. त्यांची मुले सरकारी शाळांत दाखल झाली. १९७०-७१ च्या सुमारास शहरातील शाळांत चिनी वंशाची सुमारे २,८५० मुले अशी होती, की ज्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांतील सुमारे एक हजार मुलांना इंग्रजीची जादा शिकवणी मिळे. उरलेल्या सुमारे १,८०० मुलांना काहीच मिळत नव्हते.

ही मुले वर्गात बसत. इतर मुलांना जे पुस्तक, तेच त्यांना. तोच फळा, तेच शिक्षक, तीच घंटा. सहा ते सोळा वर्षांपर्यंत शाळेत जाणे कायद्याने सक्तीचे होते. शाळेचा शेवटचा दाखला हवा असेल, तर इंग्रजी चांगले यायला हवे, असाही नियम होता. शाळेत येणे सक्तीचे, इंग्रजी येणे सक्तीचे, आणि इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही, अशी ही स्थिती होती. शिक्षक काय बोलतात, हे न कळताच पाच-सहा तास बाकावर बसायचे, म्हणजे काय होत असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

१९७० साली काही पालकांनी न्यायालयात दावा लावला. तो ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. शाळा-मंडळाचे म्हणणे असे, की आम्ही कोणालाही दारातून परत पाठवलेले नाही. सर्वांना आम्ही सारखेच दिले आहे. मग भेदभाव कोठे झाला? खालच्या न्यायालयांना हे पटले. प्रत्येक मूल आपापल्या घरची परिस्थिती बरोबर घेऊनच शाळेत येते. कोणाची परिस्थिती अनुकूल असते, कोणाची प्रतिकूल असते. त्याला शाळा काय करणार, असे त्यांचे मत पडले. हा युक्तिवाद ऐकायला वाजवी वाटतो. आजही अनेक जण तो करतात.

पालक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ जानेवारी १९७४ रोजी तेथे निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिले होते आणि एकाही न्यायाधीशाने त्याला विरोध केला नाही. ज्या मुलांना इंग्रजी समजत नाही, त्यांना इतरांसारखीच पुस्तके, शिक्षक आणि अभ्यासक्रम दिला, एवढ्याने समान वागणूक दिली असे होत नाही. अशी मुले खऱ्या शिक्षणापासून वंचितच राहतात, असा त्या निकालाचा आशय आहे. जी गोष्ट शाळेने शिकवायची, ती आधीच येत असली पाहिजे अशी अट शाळेनेच घालावी, हे न्यायालयाला चमत्कारिक वाटले.

उपाय कोणता करावा, हे न्यायालयाने सांगितले नाही. मुलांना इंग्रजी शिकवा, किंवा चिनी भाषेतून विषय शिकवा, किंवा आणखी काही करा. पण काहीतरी केलेच पाहिजे, एवढेच त्याने बजावले. त्यानंतर अमेरिकेत दोन भाषांतून शिकवणारे वर्ग पुष्कळ वाढले. पण धोरण एकदा ठरले म्हणजे कायमचे ठरले, असे नसते. ज्या कॅलिफोर्निया राज्यात हे शहर आहे, तेथे १९९८ साली मतदारांनी असे वर्ग जवळजवळ बंद पाडले आणि २०१६ साली मतदारांनीच ते पुन्हा मोकळे केले. इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी कचेऱ्यांनी साहाय्य द्यावे, असा एक आदेश २००० साली राष्ट्राध्यक्षांनी काढला होता. १ मार्च २०२५ रोजी नव्या आदेशाने तो रद्द झाला आणि इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा म्हणून जाहीर झाली.

याच देशातील आणखी एक खटला सांगण्यासारखा आहे. तो लाऊ खटल्याच्या ५० वर्षे आधीचा असून त्यातील अडचण नेमकी उलटी आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीशी लढली. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांकडे लोक संशयाने पाहू लागले. १९१९ साली नेब्रास्का राज्याने असा कायदा केला, की शाळेत कोणताही विषय इंग्रजीशिवाय अन्य भाषेतून शिकवायचा नाही आणि आठवी होईपर्यंत मुलांना परकी भाषाही शिकवायची नाही. रॉबर्ट मायर नावाचे एक शिक्षक चर्चच्या शाळेत दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचायला शिकवत होते. त्यांना २५ डॉलर दंड झाला. त्यांनी तो मुकाट्याने भरला असता, तर हे प्रकरण कोणाच्या लक्षातही राहिले नसते. पण ते लढले. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि आपल्या मुलांना आपली भाषा शिकवण्याच्या पालकांच्या हक्कात राज्याला असा हात घालता येणार नाही, असे सांगितले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांना देशाची भाषा कोणी शिकवत नव्हते. नेब्रास्काच्या मुलांना घरची भाषा कोणी शिकवू देत नव्हते. मुलाला दोन्हींची गरज असते. घरची भाषा गेली, तर ते आजीआजोबांना पारखे होते. प्रदेशाची भाषा आली नाही, तर बाजारात, दवाखान्यात आणि नोकरीच्या मुलाखतीत ते अडते. एक हवी असेल तर दुसरी सोडावी लागेल, असे जे धोरण सांगते, ते मुलाला नाहक पेचात टाकते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५६ साली भाषेच्या आधारावर राज्यांची पुनर्रचना झाली. नकाशावर रेषा कशीही ओढली, तरी काही माणसे रेषेच्या पलीकडे राहणारच. बेळगाव, निपाणी या भागांतील मराठी माणसे कर्नाटकात राहिली. आपल्या सोलापुरात कन्नड आणि तेलुगू बोलणारे पुष्कळ आहेत. उर्दू ही तर अनेक राज्यांत पसरलेली भाषा. पण एकाही राज्यात उर्दूभाषक बहुसंख्य नाहीत. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही आपली मातृभाषा असल्याचे सांगितले. कर्नाटकातील मराठी भाषकांची संख्या त्याच जनगणनेत सुमारे २० लाख होती.

अशा लोकांचे काय, हा प्रश्न राज्य पुनर्रचना आयोगाने विचारात घेतला होता. म्हणून त्याच वर्षी संविधानात दोन नवे अनुच्छेद घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी प्रत्येक राज्याने पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे अनुच्छेद ३५०क सांगतो. या लोकांच्या हक्कांवर लक्ष ठेवण्यासाठी एक विशेष अधिकारी असावा, असे ३५०ख सांगतो. त्यानुसार १९५७ साली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमले गेले. आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा आणि आपल्या शाळा काढण्याचा हक्क तर अनुच्छेद २९ आणि ३० यांनी संविधान झाले तेव्हापासूनच दिलेला आहे. तक्रार-अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, असेही अनुच्छेद ३५० मध्ये आहे. ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

हे अनुच्छेद कोणा एका भाषेचे नाव घेत नाहीत. ज्या आधारावर मालेगावात उर्दू शाळा चालते, त्याच आधारावर बेळगावात मराठी शाळा चालते. एका ठिकाणी त्याला दुबळे केले, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्याकडे दाद मागायला तोंड राहत नाही. सीमाभागातील मराठी शाळांसाठी कळवळणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

अर्थात कागदावर हक्क असणे आणि वर्गात शिक्षक असणे यांत अंतर असते. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी असे ठरवले होते, की एखाद्या शाळेत वेगळ्या मातृभाषेची ४० मुले असतील किंवा एका वर्गात १० असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा एक तरी शिक्षक द्यावा. हा हिशोब पुढे अनेक वर्षे आधार म्हणून वापरला गेला. गावात जी भाषा पूर्वीपासून आहे, तिला तो उपयोगी पडतो. पण बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कर्नाटकात गेलेल्या कोयत्याबरोबर जी मुले जातात, ती एका गावी ४० कधी जमणार? हंगाम संपला की ती परत येतात, तोवर त्यांचा अर्धा अभ्यास बुडालेला असतो. स्थलांतरितांची अडचण ही अशी असते. हक्क एका जागी थांबणाऱ्यासाठी लिहिलेला असतो आणि माणूस पोटामागे फिरत असतो.

तरी मनात आणले, तर मार्ग निघतो. सुरतेला कापडाच्या धंद्यात काम करण्यासाठी खानदेशातून, ओडिशातून, आंध्र आणि तेलंगणातून माणसे गेली. त्यांच्या मुलांसाठी सुरतेची महानगरपालिका गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. मुंबई महानगरपालिकाही मराठीबरोबर उर्दू, हिंदी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड माध्यमांच्या शाळा चालवत आली आहे. या गोष्टी वर्तमानपत्रांत फारशा येत नाहीत.

तुमच्या हातातले हे पुस्तकही भाषा-धोरणाचेच फळ आहे. मराठी घरातल्या मुलांचे मराठीचे पुस्तक वेगळे आणि उर्दू माध्यमाच्या मुलांचे वेगळे असते. पहिल्या प्रकारच्या मुलाला ‘घोडा’ पुल्लिंगी आणि ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, हे कोणी शिकवावे लागत नाही. उर्दूत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे ‘ते पुस्तक’ म्हणायचे की ‘तो पुस्तक’, हे तुम्हांला सावकाश शिकवावे लागते. दोघांना एकच पुस्तक दिले असते, तर आपलाही सॅन फ्रान्सिस्कोचा वर्ग झाला असता. २०२० साली महाराष्ट्राने कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. अशी सक्ती करताना शिकवणारे पुरेसे शिक्षक आणि योग्य पुस्तके देणे हे सरकारचे काम ठरते. सक्तीपेक्षा हे काम अवघड असते, आणि ते मागण्याचा हक्क तुम्हांला आहे.

धोरणाने सर्व काही साधते, असेही नाही. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांना भारतात स्वतःचा प्रांत नव्हता. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत, यावर त्यांच्यातच मोठा वाद झाला. अखेर दोन्ही लिप्या चालू राहिल्या. १९६७ साली सिंधीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या, पाठ्यपुस्तके निघाली. पण हळूहळू पालकांनीच मुलांना इंग्रजी शाळांत घातले आणि सिंधी शाळांचे वर्ग ओस पडत गेले. घरात सिंधी बोलणाऱ्या पण सिंधी वाचता न येणाऱ्या मुलांची संख्या आज मोठी आहे. सरकारने दार उघडे ठेवले, तरी आत जायचे की नाही, हे शेवटी घरातच ठरते.

आता अगदी अलीकडचे आणि आपल्या जवळचे एक प्रकरण पाहू. अकोला जिल्ह्यात पातूर हे गाव आहे. तेथील नगरपरिषदेच्या इमारतीवरील पाटीवर वर मराठीत आणि त्याखाली उर्दूत नाव लिहिलेले होते. नगरपरिषद १९५६ पासून उर्दूचाही वापर करत आली होती, कारण गावातील पुष्कळ लोकांना ती भाषा कळते. परिषदेच्या एका माजी सदस्याने याला हरकत घेतली. कामकाज फक्त मराठीत व्हावे, पाटीवर उर्दू नको, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडून आयुक्तांकडे, तेथून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे आणि शेवटी दिल्लीला गेले. दरम्यान २०२२ साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांच्या राजभाषेविषयी कायदा केला. त्यामुळे पाटी आता तरी जाणार, असे हरकत घेणाऱ्यांना वाटले.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. मराठीचा वापर कायद्याने आवश्यक आहे. पण मराठीच्या जोडीला दुसरी भाषा वापरू नये, असे कायदा कोठेही म्हणत नाही, असे न्यायालयाने सांगितले. निकालपत्र न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी लिहिले होते. भाषा ही कोणा धर्माची नसते, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, आणि उर्दू याच भूमीत जन्मली, असे त्यात म्हटले आहे. नगरपरिषद लोकांची रोजची कामे करते. तिची पाटी लोकांना वाचता यावी, एवढीच पाटीकडून अपेक्षा असते. आपल्या न्यायालयांत चालणारे ‘अदालत’, ‘हलफनामा’, ‘पेशी’ हे शब्द कोठून आले, याचीही आठवण न्यायमूर्तींनी करून दिली.

ही यादी मराठी कचेरीपुरती आणखी लांबवता येईल. अर्ज, तारीख, हुकूम, दफ्तर, तक्रार, दाखला, जामीन, मुदत, वकील, हक्क: हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. उर्दूतही ते आहेत. उर्दूतील ‘मुद्दत’ मराठीत ‘मुदत’ झाली, ‘ज़ामिन’चा ‘जामीन’ झाला. काहींचे अर्थही थोडे सरकले. या धड्यातच असे किती शब्द तुम्हांला न शिकवता कळले, ते मोजून पाहा. पातूरची पाटी दोन्ही लिप्यांत राहिली.